'छंद' या रकान्यात काय लिहायचं?

वाद सुरू झाला तो बायोडेटावरून. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणाऱ्या सत्तावीस वर्षांच्या भाचीनं स्थळांसाठीचा कागद स्वतःच तयार केला. उंची, शिक्षण, रक्तगट या सगळ्याच्या खाली 'छंद' या रकान्यात तिनं 'मोठ्या मूळ संख्या शोधणे' असं लिहिलं आणि तो नाशिकरोडच्या मामाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिला. बँकेतून निवृत्त झालेल्या मामाचं आयुष्य लोकांचे अर्ज तपासण्यात गेलेलं. हा अर्ज त्याच्या मते कुठल्याच खिडकीवर मंजूर होणार नव्हता. दिवाळीत ती घरी आली तेव्हा फराळाचं ताट पुढे येताच त्यानं विषय काढला.

"वाचन लिही, प्रवास लिही. फार तर ट्रेकिंग. हे काय लिहिलंयस? कालच एका घरून विचारणा झाली, टायपिंगची चूक आहे का म्हणून."

"खरं आहे ते लिहिलंय."

"खरं बरंच काही असतं. मला पहाटे साडेचारला जाग येते हेही खरंच आहे. मी ते तुझ्या मामीच्या वडिलांना सांगत बसलो नव्हतो."

भाचीचा कॉम्प्युटर रात्रभर चालू असतो हे मामाला ठाऊक होतं, पण त्यावर काय चालतं ते त्यानं कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं, आणि उत्तर चकली संपून करंजीपर्यंत लांबलं.

दोनचा कुठला तरी घात घ्यायचा आणि त्यातून एक वजा करायचा. दोनचा तिसरा घात आठ, एक वजा केला की सात. पाचव्या घातावरून ३१ मिळतात, सातव्यावरून १२७. तिन्ही मूळ संख्या. अकराव्याला गाडी अडते, कारण २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. या कुळातल्या मूळ संख्यांना सतराव्या शतकातल्या मर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूचं नाव मिळालंय आणि आजवर अशा फक्त ५२ सापडल्यात. अमेरिकेतल्या जॉर्ज वोल्टमन या प्रोग्रॅमरनं १९९६ साली त्या शोधण्याचं सॉफ्टवेअर लिहून लोकांना फुकट वाटलं. ज्याला हौस असेल त्यानं ते घरच्या कॉम्प्युटरवर चालवावं, वाट्याला आलेला घात तपासावा आणि निकाल कळवावा. बावन्नावी संख्या ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट या, पूर्वी एन्व्हिडिया कंपनीत असलेल्या माणसाला मिळाली. दोनचा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा एक. ती कागदावर उतरवायची तर ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक लिहावे लागतील.

"म्हणजे तू त्रेपन्नावी शोधतेस."

"शोधते. मिळतं ते असं की, हा घातही नाही, तोही नाही. तेसुद्धा कळवायचं असतं, म्हणजे पुन्हा कुणी तिथं वेळ घालवत नाही."

"आणि याचा उपयोग?"

या प्रश्नाशी आल्यावर बरेच गीक लोक ओशाळतात. मग एन्क्रिप्शनचं नाव निघतं, बँकांची सुरक्षितता निघते, देशाचं भवितव्यही निघू शकतं. भाचीनं तो रस्ता धरला नाही. बँकेच्या व्यवहारांना लागणाऱ्या मूळ संख्या काही शे अंकांच्या असतात. चार कोटी अंकांची संख्या तिथं कुणालाही नको आहे, हे तिनं बँकेतल्याच माणसाला सांगून टाकलं. मनात आणलं असतं तर १९९४ चा दाखला तिला देता आला असता. अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत बसले होते. उत्तर जुळेना म्हणून त्यांनी मागं मागं जात शोध घेतला, आणि इंटेलच्या पेंटियम चिपमधला भागाकाराचा दोष उघडा पडला. कंपनीला त्यापायी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. पण नाइसली काही चिप तपासायला बसलेले नव्हते. स्वतःच्या आवडीसाठी असं उसनं समर्थन वापरणं भाचीला पटत नाही.

"उपयोग काही नाही," ती म्हणाली. "मजा येते."

"मग घरात कर की मजा. चारचौघांच्या हातात जाणाऱ्या कागदावर कशाला?"

मामाचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. त्याच्या पिढीत माणसाला दोन खाती असत. एकावर नोकरी, घर, नातेवाईक. दुसऱ्यावर स्वतःपुरता नाद. पहिल्या खात्यात गडबड नसली की दुसऱ्याची चौकशी कुणी करत नसे, आणि ही सोय मामाला फार मोलाची वाटते. नाद जाहीर केला की लोक त्यावर मत देतात, मत दिलं की त्याचा बचाव करावा लागतो, आणि बचाव करता करता मूळची मजा निघून जाते. त्याच्या मते भाची स्वतःहून आपली उलटतपासणी ओढवून घेत होती.

"मग कापरेकर सरांनी काय करायला हवं होतं?" तिनं विचारलं.

नाशिकरोडच्या माणसापुढं हे नाव काढणं हा धूर्तपणाच. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं शेजारच्या देवळालीत शाळामास्तर होते. जन्म १९०५ चा, डहाणूचा. शिक्षण ठाण्यात आणि मग फर्ग्युसनमध्ये. कॉलेजात असताना १९२७ साली गणितातल्या स्वतंत्र कामासाठी त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. पुढं पदव्युत्तर शिक्षण झालं नाही. संख्यांचा नाद मात्र असा की, डोंबिवली स्टेशनवर सुचलेल्या एका कल्पनेला त्यांनी त्या स्टेशनचंच नाव दिलं आणि 'डेम्लो संख्या' गणितात आल्या. १२१, १२३२१, १२३४३२१ या त्यांतल्या देखण्या.

त्यांचं सर्वांत गाजलेलं काम १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडलेलं आहे. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडून मोठी संख्या करा, चढत्या क्रमानं मांडून लहान करा, वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतं आणि तिथून हलत नाही. भाचीनं वर्तमानपत्राच्या कडेला सरांचं जन्मवर्ष लिहिलं. १९०५ वरून ९५१० वजा ०१५९, म्हणजे ९३५१. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. सातवी पायरी. मग तिनं त्यांच्या निधनाचं वर्ष घेतलं, १९८६. ९८६१ वजा १६८९: पुन्हा ८१७२, आणि पुढची वाट तीच. मामानं पेन्सिल तिच्याकडून घेऊन स्वतःचं जन्मवर्ष करून पाहिलं, ही नोंद इथं केलीच पाहिजे.

पण तो पाघळला नाही.

"सर मोठे, वाद नाही. पण त्यांचं नाव झालं ते अमेरिकेतल्या माणसानं लिहिल्यावर. तोवर लोक त्यांना काय म्हणत होते?"

म्हणत होते ते फारसं चांगलं नव्हतं. देशातल्या बऱ्याच गणितज्ञांना हे काम पोरखेळ वाटे. त्यांचे लेख बऱ्याचदा लहानसहान नियतकालिकांत येत, काही पुस्तिका त्यांनी स्वतःच छापल्या. मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं ते १९७५ साली, म्हणजे मद्रासनंतर सव्वीस वर्षांनी. सर तेव्हा सत्तरीचे होते आणि निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून शिकवण्या घेत होते. गार्डनर हेही विद्यापीठातले गणिती नव्हते, त्यांची पदवी तत्त्वज्ञानातली होती. एका हौशी माणसाचं मोल दुसऱ्या हौशी माणसाला कळलं.

मामाच्या बाजूनं आणखी एक तगडा साक्षीदार उभा करता आला असता, पण तो त्याला माहीत नव्हता आणि भाचीनं तो देण्याचं काही कारण नव्हतं. जी. एच. हार्डी. रामानुजनना केंब्रिजला बोलावून घेणारे तेच. १९४० सालच्या आपल्या पुस्तकात त्यांनी नेमक्या अशाच संख्यांवर ताशेरे ओढलेत. ८७१२ ही २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट, उलट्या लिहिलेल्या स्वतःच्याच पटी. चार अंकी संख्यांत अशा दोनच. हार्डींचा अभिप्राय असा की हे कोडी घालणाऱ्या सदरांना ठीक आहे, गणितज्ञाला यात घेण्यासारखं काही नाही. म्हणजे ज्याच्या शब्दावर जग मान डोलावतं अशा माणसानं हा सगळा प्रदेशच नकाशाबाहेर ठेवला होता. (९८०१ हा ९९ चा वर्ग. ९८ आणि ०१ मिळवले की पुन्हा ९९. ९९ प्रमाणे वागणाऱ्या संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात.)

"गार्डनर आला नसता तर?" मामानं नेट धरला.

"तर सर सत्तराव्या वर्षीही तेच करत असते. सव्वीस वर्षं गार्डनरची वाट बघत नव्हते ते."

"वाट बघत नव्हते? मग मद्रासला कशाला गेले? पदरमोड करून पुस्तिका कुणासाठी छापल्या? कुणीतरी बघावं असं त्यांनाही वाटतच होतं की."

इथं भाची पहिल्यांदा थबकली, कारण मामा बरोबर होता. लोकांची पर्वा न करणारा अवलिया हे चित्र आपल्याला आवडतं, पण कापरेकर त्यात बसत नाहीत. ते परिषदांना जात, शाळाकॉलेजांत बोलावलं की व्याख्यान देत, दिसेल त्याला संख्यांची गंमत दाखवत. त्यांना श्रोता हवाच होता. फक्त श्रोता हसला म्हणून दुसऱ्या दिवशीची वजाबाकी थांबली नाही. पर्वा नसणं आणि पाय घट्ट असणं यांत आपण गल्लत करतो, आणि मग प्रत्येक गीकनं तुसडं असायला हवं असं धरून चालतो.

"मग मला काय वेगळं हवंय?" ती म्हणाली. "मी लपवणार नाही, एवढंच."

"नावाजलेली माणसंसुद्धा लपवतात. नारळीकरांचं बघ."

हा डाव अनपेक्षित होता. मराठी विज्ञान परिषदेनं १९७४ साली विज्ञानकथांची स्पर्धा घेतली, तेव्हा जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं धाडली. आपल्या नावाची आद्याक्षरं त्यांनी उलटी केली, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली, आणि कथेला पहिलं बक्षीस मिळालं. मामाचा निष्कर्ष असा की, आधी काम बघू द्यावं, नाव आणि बिरुद मागाहून.

"त्यांनी लपवलं कारण नाव फार मोठं होतं," भाची म्हणाली. "सोफी जर्मेननं लपवलं कारण नाव बाईचं होतं."

पॅरिसमध्ये १७९४ साली एकोल पॉलिटेक्निक सुरू झालं, तिथं मुलींना प्रवेश नव्हता. जर्मेननं व्याख्यानांच्या टिपणवह्या मिळवल्या आणि 'मस्यू ल ब्लां' या नावानं लग्रांजकडं आपलं काम पाठवलं. गाउसशी तिचा पत्रव्यवहार याच नावानं सुरू झाला. फ्रेंच फौजा जर्मनीत शिरल्यावर गाउसच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून तिनं ओळखीच्या सेनापतीकडं शब्द टाकला, त्यातून खरं नाव फुटलं. १८०७ साली गाउसनं तिला लिहिलेलं पत्र कौतुकानं भरलेलं आहे. ज्या मूळ संख्येची दुप्पट करून एक मिळवला की पुन्हा मूळ संख्या येते, तिला आज जर्मेनचं नाव आहे. ११ घ्या, २३ येतात. आणि मघाशी २०४७ ला मूळ होऊ न देणारे २३ ते हेच.

घरच्या उदाहरणासाठी पॅरिसला जायचीही गरज नव्हती. कमला सोहोनींनी १९३३ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला, तेव्हा त्या कमला भागवत होत्या आणि मुंबई विद्यापीठात उत्तम यश मिळवून आलेल्या होत्या. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. त्या हटल्या नाहीत तेव्हा वर्षभर पारखून बघण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएचडी घेतली.

"एखाद्या मुलानं हेच लिहिलं असतं तर तू म्हणाला असतास, हुशार दिसतोय, जरा विक्षिप्त आहे," भाची म्हणाली. "माझ्या बाबतीत मात्र टायपिंगची चूक!"

मामा गप्प बसला. स्वयंपाकघरातून मामी म्हणाली, "बरोबर बोलतेय ती." त्यामुळे हा मुद्दा तिथंच निकालात निघाला आणि ओळ कागदावर राहिली.

तरी मामाच्या भात्यातला चांगला बाण उरलाच होता. "तुमच्या लोकांत एक खोड असते," तो म्हणाला. "स्वतःला कळतं याच्यापेक्षा दुसऱ्याला कळत नाही याचं सुख जास्त. आमच्या शाखेत कॉम्प्युटर आले तेव्हा शिकवायला आलेला पोरगा प्रत्येक प्रश्नाला आधी हसायचा. आमचे हेडकॅशियर त्यानंतर कधी प्रश्नच विचारेनात."

भाचीनं ते नाकारलं नाही. तिच्याही ऑफिसात असे आहेत. टीशर्टवर गीक छापून घेतात आणि नवीन आलेल्या मुलीनं साधी शंका विचारली तरी एकमेकांकडं बघतात. शाळेत 'घासू' म्हणून हिणवलेला मुलगा मोठा होऊन तेच हत्यार दुसऱ्यावर चालवतो, हे या जमातीचं दुखणं आहे. टीव्हीवरच्या 'द बिग बँग थिअरी'ला २००७ ते २०१९ अशी बारा वर्षं प्रेक्षक मिळाले, त्यानं गीक लोक घराघरांत पोचले खरे, पण त्यातला बराचसा विनोद कुणाला किती कळत नाही यावरच चालला. ज्याला आपल्या जागेची खात्री असते त्याला दारावर पहारेकरी ठेवावा लागत नाही, असं भाचीचं मत. पुण्यातल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेचं उदाहरण तिनं दिलं. १९४४ पासून चालत आलेली, हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली सर्वांत जुनी संस्था. तिथं वैज्ञानिकही असतात, शाळकरी पोरंही, आणि दुर्बिणीला डोळा लावायला कुणाची परीक्षा घेत नाहीत.

"आणि कापरेकर सरांचं बघ ना. त्यांचं गणित तपासायला चौथीची वजाबाकी पुरते. पटत नसेल तर स्वतः करून बघा म्हणायचं, बस."

खरं तर गीक माणसाच्या निर्धास्तपणाचं मूळ इथं सापडतं असं वाटतं. ६१७४ कुणाच्या कौतुकानं येत नाही आणि कुणाच्या हसण्यानं अडत नाही. करून बघणाऱ्याला येतंच. भाचीच्या छंदातही हाच शिरस्ता आहे. ड्युरंटची संख्या पहिल्यांदा ११ ऑक्टोबरला डब्लिनमधल्या मशीनवर 'बहुधा मूळ' ठरली, दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या मशीननं वेगळ्या कसोटीनं दुजोरा दिला, आणि आणखी पडताळण्या होईपर्यंत कुणी जाहीर केलं नाही. मर्सेनचा स्वतःचा अंदाज होता की ६७ व्या घातावरून मूळ संख्या मिळते. १९०३ साली न्यूयॉर्कच्या एका सभेत गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले आणि त्यांनी १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ हा गुणाकार मांडला; उत्तर नेमकी तीच संख्या. गोष्ट अशी सांगतात की अवाक्षर न बोलता ते जागेवर बसले आणि सभेनं टाळ्या वाजवल्या. किती वेळ लागला असं विचारल्यावर म्हणाले म्हणे, तीन वर्षांचे रविवार.

"रविवार," मामा म्हणाला. "बघ. सोमवारी कामावर जात होता तो."

"मीही जाते."

"तेच म्हणतोय. तुझी ही खात्री तुझी किती आणि पगाराची किती?"

हा प्रश्न दोघांनाही बराच वेळ पुरला. सॉफ्टवेअरच्या पगारानं गीक माणसाची इभ्रत वाढवली, हे भाचीनं मान्य केलं; तीच मुलगी शिकवण्या करून हेच करत असती तर मामा याहून कडक बोलला असता, हे मामानं. कापरेकरांनाही देवळालीच्या नोकरीनं बत्तीस वर्षं संध्याकाळ मोकळी दिली होती. निवृत्तीनंतर ओढाताण झाली तेव्हा मात्र नाद सुटला नाही, याकडं भाचीनं बोट दाखवलं. ओढाताण घरच्यांचीही झाली असणार, असं मामा म्हणाला, आणि त्यावर तिच्याकडं उत्तर नव्हतं.

मग मामानं त्याच वर्तमानपत्राच्या उरलेल्या कडेला हिशेब मांडला. मशीन दोनशे वॉटचं, रात्रीचे दहा तास, म्हणजे दोन युनिट. महिन्याचे साठ. युनिटला दहा रुपये धरले तर सहाशे.

"वर्षाचे सात हजार दोनशे. आणि सापडली तर काय देतात?"

"तीन हजार डॉलर. ड्युरंटनं ते आपल्या जुन्या शाळेला द्यायचं ठरवलं."

"त्याचा खर्च?"

"भाड्यानं घेतलेली मशीनं होती, कितीतरी देशांत. बक्षिसाच्या कित्येक पट झाला असेल."

"म्हणजे पहिला आलेलाही तोट्यात."

"तोट्यातच," भाची म्हणाली आणि त्यानं हिशेबात कुठं चूक केलीय का ते बघायला कागद आपल्याकडं ओढला.